एकाच चेहऱ्याचे योद्धे

साचेताईंचं खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणी घेत नसे. स्टुडिओच्या मागे, मोडके सेट ठेवायच्या गोदामाला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे त्या माणसं बनवत. म्हणजे मारायची माणसं. आमच्या चॅनेलवर ‘झुंज युगांची’ नावाचा एक कार्यक्रम लागायचा. शेकडो वर्षांच्या अंतराने जन्मलेले दोन योद्धे घ्यायचे आणि त्यांची लढाई लावून द्यायची. घोड्यावरचा तिरंदाज विरुद्ध समुद्रावरचा कुऱ्हाडवाला. कोण जिंकला असता? ते एक कॉम्प्युटर सांगायचा. त्याला आकडे लागत, आणि आकडे काढायला प्रत्येक हत्यार माणसावर चालवून बघावं लागे. जिवंत माणूस कुणी देईना, म्हणून साचेताई.

मी तिथे इतिहास तपासायला होतो. जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झालो आणि घरात बायकोच्या कामात लुडबुड करू लागलो, तेव्हा तिनेच मला ढकलून ही नोकरी घ्यायला लावली. चुका दाखवायच्या हे माझं काम आणि त्या तशाच ठेवायच्या हे दिग्दर्शकाचं. कुऱ्हाडवाल्याच्या शिरस्त्राणाला शिंगं नसायची, असं मी सांगितलं. “सर, शिंगं नसली तर लोक ओळखणार कसे?” रिकीब जन्माला यायच्या आधीच्या स्वाराचे पाय रिकिबीत कसे, असं विचारलं. “सर, तो पडला तर दवाखान्यात तुम्ही नेणार का?” सगळं पालथ्या घड्यावर पाणी. खरं तर त्या कार्यक्रमाला प्रामाणिक उत्तर एकच होतं, की हे दोघे कधी भेटलेच नाहीत आणि भेटते तर काय झालं असतं ते आपल्याला माहीत नाही. पण ‘माहीत नाही’ या दोन शब्दांवर पाऊण तासाचा कार्यक्रम निघत नाही.

साचेताईंची कामाची रीत ठरलेली होती. मोठ्या पातेल्यात जिलेटिन वितळवायचं. धडाच्या दोन फाडींच्या साच्यात प्लास्टिकची हाडं आणि लाल पाण्याच्या पिशव्या मांडायच्या, फाडी पट्ट्याने आवळायच्या, ओतायचं आणि थंड खोलीत ठेवायचं. डोक्याचा साचा वेगळा, लहान, प्लास्टरचा. दुसऱ्या दिवशी दिव्यांखाली तो गडी उभा राहिला की त्याच्यावर तलवारी, भाले, गदा, काय असेल ते चाले. मग ताई बादली घेऊन पुढे होत. तुकडे धुवायचे, गाळायचे, पुन्हा वितळवायचे आणि पुढच्या योद्ध्यात ओतायचे. जिलेटिन महाग असतं, टाकून कोण देणार? म्हणजे वर्षभर आम्ही एकच माणूस मारत होतो. तुकडे गोळा करायला त्यांच्या हाताखाली दोघं होते, पण डोक्याला त्या कुणाला हात लावू देत नसत. ते स्वतः उचलत, ॲप्रनने पुसत आणि बादलीत न टाकता हातातच धरून नेत.

आणखी एक सवय होती त्यांची. कुठला घाव किती जीवघेणा, हे सांगायला आमच्याकडे एक डॉक्टर यायचे. कॅमेऱ्यासमोर त्यांचं बोलून झालं की ताई बाजूला गाठून विचारत, “डॉक्टर, याने दुखतं का हो?”

“छे, कळायच्या आत संपतं,” डॉक्टर म्हणत. आणि ताई हलक्या पावलांनी जात.

आम्ही त्यावर हसायचो. जिलेटिनला काय दुखतंय! एकदा मात्र भाला पोटात गेला होता, डॉक्टर दमले होते आणि खरं बोलून गेले. “हे दुखलं असतं, ताई. बराच वेळ. पाणी मागत पडला असता.” ताईंनी बादली खाली ठेवली. पुढे बरेच दिवस त्या आमच्यात डबा खायला आल्या नाहीत. डोक्यावर परिणाम झालाय बाईच्या, असं कुणीतरी म्हणालं आणि विषय तिथेच संपला.

माझ्या लक्षात आलं ते असं. एका भागात वाळवंटातला भालाईत होता, त्याच्या पुढच्यात नऊशे वर्षांनंतरचा चिलखतवाला. शिरस्त्राणं वेगळी, दाढ्या वेगळ्या, कातडीचा रंगही वेगळा चढवलेला. पण दोघांच्या ओठांचा डावा कोपरा किंचित वर उचललेला होता, हसू दाबून धरल्यावर उचलतो तसा. मी मागचे सगळे भाग काढून बघितले. तिरंदाज, कुऱ्हाडवाला, गदा फिरवणारा पहिलवान, सगळे तसेच. सगळे त्या हसण्यासकट मरत होते.

मी बैठकीत तोफ डागली. “नऊशे वर्षांचं अंतर आणि चेहरा एकच? जुळे भाऊ आहेत का हे?” दिग्दर्शक खूश झाला. “सर, तुम्हाला आता दिसतंय? लोकांनी कधीच ओळखलंय. हसरा योद्धा म्हणतात त्याला. आपली ओळख आहे ती, हात लावायचा नाही.”

मग मी तडक शेडमध्ये गेलो. रागातच होतो. म्हटलं, ताई, निदान तुम्ही तरी दोन चेहरे करा, इतिहासाची थोडी लाज ठेवा. त्या जिलेटिन ढवळत होत्या. ढवळता ढवळताच म्हणाल्या, “माझ्याकडे एकच चेहरा आहे, सर. माझ्या भावाचा.”

भाऊ धाकटा. ताई हे काम शिकत होत्या तेव्हा सरावासाठी कुणाचा तरी चेहरा हवा होता, तर हे घरचंच गिऱ्हाईक सापडलं. नाकात दोन नळ्या, तोंडावर प्लास्टर, आणि ते वाळेपर्यंत अजिबात हलायचं नाही. आई आतून म्हणाली, “इतका वेळ हा गप्प बसला तर तो साचा देव्हाऱ्यात ठेवा.” त्याला हसू फुटलं, त्याने ते दाबलं, आणि कोपरा उचललेला तसाच साच्यात उतरला. पुढे तो सैन्यात गेला. सीमेवर लढाई झाली. तिथून काहीच आलं नाही, ना तो, ना त्याचे कपडे. कचेरीत सांगितलं, बेपत्ता. आईने तो शब्द घट्ट धरला. बेपत्ता म्हणजे मेला असं कुठे म्हटलंय? अकरा वर्षं झाली, घरात तो गेल्याचं कुणी तोंडातून काढलं नव्हतं. त्याचा विषय निघाला की ‘आहे’ म्हणायचं, ‘होता’ नाही.

“पहिल्या भागाला बाहेरून मागवलेला डोक्याचा साचा फुटून आला,” ताई म्हणाल्या. “सकाळी शूटिंग. पलंगाखालून याचा साचा काढला. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न. पण साचा उघडला, सर, आणि हा आत होता. इतक्या वर्षांनी. मग बंद करवेना.”

“आणि दर वेळी त्याला असा तुटताना बघवतं तुम्हाला?”

“तो कसा गेला ते मला माहीत नाही ना,” त्या म्हणाल्या. “कशाने गेला, लगेच गेला की पडून राहिला. यातलं एखादं मरण तरी तसं असेल.”

मी तिथल्या पिंपावर बसलो. चाळीस वर्षं मी मुलांना लढाया शिकवल्या. या बाजूचे इतके हजार पडले, त्या बाजूचे तितके, सनावळीसकट लिहा, पाच गुण. त्या हजारांना कधी तोंड नव्हतं. त्या दिवसानंतर कुठलंही पुस्तक उघडलं की आकड्यांच्या मागे तो उभा असे, ओठ दाबून. बसथांब्यावर एक पोरगा कुणाच्या तरी बोलण्यावर तसाच हसला तर माझी बस चुकली. घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला नोकरीला पाठवून मी चूक केली.

वर्षाचा शेवटचा भाग मोठा करायचा ठरला. आजचा सैनिक विरुद्ध सगळे योद्धे हरवून आलेला भालाईत. दिग्दर्शकाने माझ्यावर उपकार केल्यासारखं सांगितलं, “सर, या वेळी सगळं अचूक. गणवेश, बिल्ला, बुटाची नाडीसुद्धा तुम्ही म्हणाल तशी.” आणि शहरभर फलक लागणार होते: गणवेशातला हसरा योद्धा, छातीत भाला. त्यातला एक ताईंच्या घराजवळच्या चौकात. आई रोज सकाळी तिथूनच दूध आणायची.

ताई माझ्याकडे आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी काही मागितलं. “तुमचं कुणी ऐकत नाही हे माहितीये, पण एकदा बोलून बघा. आईला तो असा दिसला तर ती राहायची नाही.”

मी बोललो. हात जोडले. कारण सांगता येत नव्हतं, सांगू नका असं ताईंनी बजावलं होतं, म्हणून इतिहासाचा दाखला देत बसलो. दिग्दर्शक घड्याळ बघत म्हणाला, “सर, चेहरा तोच राहणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये गेलो तेव्हा साच्याचे तुकडे जमिनीवर होते आणि ताई ते झाडत होत्या. हातोडा टेबलावर होता. त्या चेहऱ्याचा दुसरा साचा नव्हता. जिलेटिनशिवाय कशातच त्यांनी तो कधी ओतला नव्हता.

“अहो, लपवून ठेवायचा,” मी म्हणालो. “फुटला म्हणून सांगितलं असतं. कोण बघायला येणार होतं?”

“घरी असता तर मी पुन्हा उघडला असता,” त्या म्हणाल्या. केर भरला आणि हात धुऊन आल्या.

दिग्दर्शकाने आकाशपाताळ एक केलं, पण फुटलेल्या साच्याला तो काय करणार? घाईघाईत फाटकावरच्या रखवालदाराच्या तोंडाचा साचा घेतला. त्याला इतका आनंद झाला, की आपण मरतो कसे ते बघायला त्याने बायको, मेहुणा आणि सासरा यांना शूटिंगला आणलं. सासऱ्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. फलकांवर रखवालदार झळकला. ताईंची आई त्याच्यासमोरून दूध घेऊन गेली आणि घरी आल्यावर काहीच बोलली नाही.

तो भाग लागणार त्या संध्याकाळी ताईंनी मला घरी बोलावलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीला टेकून पलंग, कोपऱ्यात छोटा टीव्ही. आईला लढाया बघवत नाहीत म्हणून त्या वेळी तो कधी लावत नसत. आई शेजारच्या शिक्षिकेकडे गप्पा मारायला जाई. त्या दिवशी शिक्षिका गावाला गेली होती, म्हणून आई घरातच होत्या. बुटक्या, ताठ बसणाऱ्या, चष्म्याला दोरा बांधलेल्या. मला चहा दिला. आता भीती नाही म्हणून ताईंनी टीव्ही लावला. आई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

त्यांनी पूर्ण भाग बघितला. भाला लागला, रखवालदार पडला, तरी आकडे जुळवून कॉम्प्युटरने बंदूकवाला सैनिकच जिंकल्याचं जाहीर केलं, नावं सरकू लागली. माझंही सरकलं, चुकीच्या आडनावाने. आई अजून पडद्याकडेच बघत होत्या.

“आज आपला नाही आला?” त्यांनी विचारलं.

ताईंचा हात कपाकडे जाता जाता थांबला. “आपला कोण, आई?”

“आपला गं. शेजारी बघते ना मी दर वेळी. तुला त्रास होईल म्हणून बोलले नाही.” आईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “पहिल्यांदा दिसला तेव्हा उठून येणार होते. पाय उचलेनात. पण पुढच्या वेळी बघते तर परत उभा. कधी दाढी, कधी चिलखत. पडतो, पण पुढच्या वेळी असतो. म्हटलं, तेवढं तरी. आज तिकडचं दार बंद, म्हणून इथे बसले. तर आजच आला नाही.”

मला त्या खोलीत श्वास घेणंही उद्धटपणाचं वाटत होतं.

“साचा फुटला, आई,” ताई म्हणाल्या.

“मग दुसरा कर.”

“दुसरा होत नाही. त्याला माणूस समोर बसावा लागतो.”

“तो आला की कर.”

ताई उठल्या, आईच्या खुर्चीपाशी खाली बसल्या आणि त्यांचे दोन्ही गुडघे धरले. “तो नाही यायचा आता, आई,” त्या म्हणाल्या. “तो गेला.”

आईंनी चष्मा पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तिथे खरंखोटं तपासता ना? ही म्हणते ते खरं आहे?”

माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. आजही नाही. मी हो म्हणालो.

“बरं,” आई म्हणाल्या. “मग बंद करा तो टीव्ही.”

मी उठलो आणि बंद केला.