उन्हात उभी ट्रॉली

दमलोय मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी शहाणा होऊन लिहायला बसलोय असं कुणाला वाटायला नको. केळीच्या पॅकिंग शेडवर मॅनेजर म्हणून माझं आयुष्य गेलं, आणि त्यातलं निम्मं दुसऱ्यांनी केलेलं काम पुन्हा तपासण्यात गेलं.

शेड जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात. शेतातून ट्रॉलीत घड येतात. ते उतरवून फण्या सुट्या करायच्या, हौदात धुवायच्या, पेट्यांत भरून परदेशी पाठवायच्या. एकदा आमचा अख्खा कंटेनर तिकडे पिवळा होऊन पोचला. एक घड आतून पिकायला लागला की शेजारच्यांना पिकवतो; तसला एखादा नजरेतून सुटला असणार. मालकांनी फोनवर मला चांगलंच धारेवर धरलं. त्याच दिवशी मी नियम केला: मी पाहिल्याशिवाय एकही ट्रॉली उतरवायची नाही. मी बाहेर असलो तर फोटो पाठवायचा, माझं ‘ओके’ आलं की मगच हात लावायचा. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकायला लागलो.

माल पारखायला अक्का होत्या. माहेर साक्रीकडचं, पण लग्नानंतरची सगळी वर्षं इकडे केळीत गेलेली. केळं चिमटीत धरून कंगोरे चाचपले की किती तयार, किती कच्चं, झटक्यात सांगायच्या. त्या चुकल्याचं मला आठवत नाही. तरी मी मागे उभा राहून तेच केळं पुन्हा चाचपायचो. एकदा मला न विचारता त्यांनी ट्रॉली उतरवली. माल सोन्यासारखा होता, तरी सगळ्या बायांसमोर मी ओरडलो, “मॅनेजर तुम्ही आहात का मी?” त्या खाली मान घालून कामाला लागल्या. नवरा गेलेला, मुलगी अमळनेरला कॉलेजात, घर चालायचं ते या कामावर. बोलणार काय बिचाऱ्या?

यंदा वैशाखात माझ्या छातीत धडधड व्हायला लागली. बायको म्हणाली, “केळीला जपता तेवढं स्वतःला जपा हो जरा.” मेहुण्यांनी धुळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिथे तपासणीआधी नर्सबाईंनी माझा फोन अक्षरशः हातातून काढून घेतला. फोन परत मिळेपर्यंत दुपार उलटली होती. सतरा मिस्ड कॉल, आणि एकाच ट्रॉलीचे सहा फोटो. पहिल्या फोटोत ट्रॉली कडुनिंबाच्या सावलीत होती. शेवटच्या फोटोत सावली पलीकडे सरकली होती आणि घड उन्हात होते.

तेवढ्यात मालकांचा फोन. “माल भाजला. जबाबदार कोण?”

मी म्हणालो, “मी दवाखान्यात होतो. शेडवर अक्का होत्या.”

दोन्ही वाक्यं खरी होती. एवढा हलकटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

“मग उद्यापासून त्यांना घरी बसवा,” मालक म्हणाले. मी ‘बरं’ म्हणालो.

हृदय ठणठणीत आहे, टेन्शन कमी घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कसलं डोंबलाचं कमी घेणार! एस.टी.त पारोळा येईपर्यंत मी अक्कांना काय सांगायचं तेच जुळवत होतो. काही जुळलं नाही.

सकाळी त्या समोर उभ्या राहिल्या तेव्हा मी उलट त्यांनाच विचारलं, “माल भाजतोय हे तुम्हाला दिसत नव्हतं का?”

“दिसत होतं ना भाऊ.” मग त्यांचा आवाज चढला, आणि चढला की त्या माहेरच्या बोलीवर यायच्या. “बठ्ठं तुम्हीच दखतस, मंग आम्ही कसाले शेत?”

सगळं तुम्हीच बघणार, तर आम्ही इथे कशाला आहोत, असं त्या विचारत होत्या. मला लाज वाटली. इतकी, की खुर्चीत बसवेना. त्यांच्यासमोरच मी मालकांना फोन लावला. “अक्कांनी मी सांगितलं तेच केलं. नियम माझा होता, चूक माझी आहे.”

मालकांनी विचारलं, “मग तुम्हाला बसवू का घरी?”

“बसवा,” म्हणालो, आणि खरं सांगतो, त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. पण त्यांनी ना मला बसवलं ना अक्कांना. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आजपासून माल अक्का पाहतील, त्या म्हणतील तेव्हा उतरवायचा. मला विचारायचं नाही.

मग केबिनमध्ये जाऊन फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि खिडकीकडे पाठ करून बसलो. थोड्या वेळानं ट्रॅक्टरचा आवाज आला, थांबला. आता घड उतरवायची गडबड ऐकू येईल म्हणून मी कान देऊन बसलो. काही नाही. दहा मिनिटं गेली असतील. मी जागचा हललो नाही, शपथेवर सांगतो.

दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या. पदरानं हात पुसत होत्या.

“भाऊ, आज तुम्हाला न विचारता उतरवलं तर चालंल ना?”

मी मानेनंच ‘हो’ म्हटलं. बाहेर ट्रॉली उन्हात उभी होती.