होडीला घातलेली खळ

मास्तरांच्या दुकानात कपडे ठरल्या तारखेला शिवून मिळत. घरात मात्र त्यांनी हातात घेतलेलं एकही काम कधी शेवटाला गेलं नव्हतं. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल आहेत, यावर नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नसे. घरी न्हाणीघराच्या दाराचा खालचा अर्धा भाग हिरवा होता आणि वरचा जुनाच तपकिरी, कारण रंग संपला तेव्हा मास्तर "बघू नंतर" म्हणाले होते. एक कपाट होतं, त्याला दार नव्हतं. एक दार होतं, त्याला कपाट नव्हतं. मास्तरीणबाई चारचौघांत सांगत, "आमच्या घरात एकच गोष्ट पूर्ण झाली, ती म्हणजे आमचं लग्न. तेसुद्धा माझ्या वडिलांनी मनावर घेतलं म्हणून."

अशा माणसानं होडी बांधायला घ्यावी, याला कारण एक गिऱ्हाईक. तळ्यावर वल्हवायला जाणारे एक गृहस्थ आपल्या होडीसाठी ताडपत्रीचं कव्हर शिवून घ्यायला आले. तेव्हापासून मास्तरांच्या घरात त्यांचं नाव 'कव्हरवाले' असंच पडलं. मास्तर माप घ्यायला त्यांच्याकडे गेले, तर अंगणात लाकडी घोड्यांवर ती पालथी ठेवलेली. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये भरलेली. कॅनो म्हणतात ती. अंगठ्याएवढ्या रुंदीच्या लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली आणि वरून काचेसारखी चकाकणारी. मास्तरांनी गळ्यातला टेप काढून तिच्या पोटावरून फिरवला आणि टेप तसाच धरून उभे राहिले.

"कुणी शिवली ही?"

"शिवली नाही हो, बांधली," कव्हरवाले हसले. "मीच. घरीच."

त्या संध्याकाळी मास्तर जेवताना तिसऱ्यांदा मीठ मागू लागले, तेव्हा मास्तरीणबाईंनी ताट बाजूला सारलं. "काय ते एकदा सांगून टाका."

"मागची पडवी हवी होती. होडी बांधायला."

मास्तरीणबाई गणिताच्या शिकवण्या घेत. पुढच्या खोलीत मुलं मावत नव्हती, म्हणून शाळा उघडली की वर्ग पडवीत न्यायचा त्यांचा बेत होता. फळाही येऊन पडला होता. त्यांनी ताट पुन्हा पुढं ओढलं. "शाळा उघडेपर्यंत पडवी तुमची. आणि अर्धी राहिली तर?"

"राहिली तर मीच करवतीनं कापीन आणि तुझ्या पुस्तकांना फळ्या करून देईन. शब्द आहे माझा."

"फळ्याच होणार," भिंतीला टेकून बसलेला मेव्हणा म्हणाला. तो गॅरेजवाला, जेवायला बहिणीकडे आणि बोलायला भाऊजींवर, असा त्याचा नेम. "ताई, आत्ताच माप देऊन ठेव."

कव्हरवाल्यांनी नकाशे दिले. मास्तरांनी पडवीत एका लांब पाटावर फळीचे साचे ओळीनं उभे केले. लांबून पाहिलं तर मोठ्या माशाचा काटा पाठीवर उताणा पडलाय असं वाटे. मग त्या साच्यांवरून एकेक पट्टी वाकवायची, तिच्या कडेला सरस लावायचा, दुसरी तिच्यावर बसवायची आणि सरस वाळेपर्यंत दाबून धरायची. सुताराकडे त्यासाठी लोखंडी पकडी असतात. मास्तरांकडे कमरपट्टीचं रुंद इलॅस्टिक होतं. त्यांनी साऱ्या होडीला इलॅस्टिक गुंडाळलं आणि जिथं ते पुरेना तिथं घरातले कपड्यांचे चिमटे लावले.

"वाळत घातलेल्या चादरी शेजाऱ्यांच्या छपरावर उडाल्या," मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या. "होडी मात्र जागची हललेली नाही. छान."

"भाऊजी, बाह्या लावणार, की बिनबाह्यांची?" मेव्हण्यानं विचारलं.

मास्तर हसले आणि पुढची पट्टी उचलली. एरवी या टप्प्याला त्यांचा उत्साह मावळायचा. या वेळी तसं झालं नाही. दुकान बंद केलं की ते सरळ पडवीत जात. शेवटची पट्टी तळाच्या मधोमध ठोकून बसवली त्या दिवशी त्यांनी बायकोचा हात धरून तिला पडवीत आणलं. नंतर रंध्यानं उंचवटे काढले, पॉलिशपेपरनं अंग घासलं आणि डोळे मिटून तळहात फिरवला, तर कुठं पट्टी संपते आणि कुठं सुरू होते ते कळेना.

आता राहिलं होतं वरचं आवरण. नुसतं लाकूड पाणी पिऊन फुगतं, म्हणून त्यावर फायबरग्लासचं, म्हणजे काचेच्या धाग्याचं, पांढरं कापड अंथरायचं आणि त्यात रेझिन, एक पातळ चिकट राळ, जिरवायचं. रेझिन घट्ट झालं की लाकूड आणि कापड एकजीव होतात. कव्हरवाले परगावी गेले होते, जाताना कापडाचा गुंडाळा देऊन म्हणाले होते, "पसरा आणि रेझिन लावा. कापडाचं तुम्हाला मी काय सांगणार?"

तिथंच घात झाला. मास्तरांनी कापड उलगडलं. गुळगुळीत, निसरडं, हात लावला की वीण सरकणारं. असं कापड आलं की काय करायचं, हे त्यांच्या हातांना डोक्याआधी ठाऊक होतं. कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय वापरायचं नाही, नाहीतर मागाहून आटतं. आणि निसरडं असेल तर हलकी खळ घालायची, म्हणजे शहाण्यासारखं बसतं. मास्तरांनी ते बादलीत भिजवलं, खळ घातली, दोरीवर वाळवलं आणि मन लावून इस्त्री केली. त्याच दोरीवर घरातले टॉवेल होते, त्यांत काचेची कुसळं उतरली. दुसऱ्या दिवशी सगळं घर अंग खाजवत होतं, आणि मेव्हणा शर्ट काढून दाराच्या चौकटीला पाठ घासत होता. तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

कापड होडीवर फारच सुरेख बसलं. मास्तरांनी त्यावर रेझिन ओतून रबरी पट्टीनं पसरलं आणि वाट पाहिली. कापड पारदर्शक व्हायला हवं होतं. ते पांढरंच राहिलं. कुठं दुधाळ, कुठं फोड आलेलं, कुठं कोरडं ठक्क. पट्ट्यांचे सुंदर तांबूस रंग धुक्याआड गेले.

दुसऱ्या दिवशी कव्हरवाले परतले आणि तडक पडवीत आले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, कापडाला काय केलंत?"

"काही नाही. धुतलं."

"धुतलं?"

"आणि खळ घातली. अगदी हलकी."

कव्हरवाल्यांनी तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. मग सावरून म्हणाले, "अहो, खळीनं धाग्यांची तोंडं बंद केली. रेझिन आत शिरणार कुठून? आता हे सगळं गरम करून सोलायचं, लाकूड पुन्हा घासायचं आणि नवं कापड. गरम हवा फेकणारं यंत्र आहे माझ्याकडे, केव्हाही न्या. पण लवकर. एकदा पुरतं घट्ट झालं की मग लाकडाच्या सालीसकट निघेल."

ते गेले. मास्तरांनी एक जुनी चादर आणली, होडीवर टाकली, चारी बाजूंनी नीट खोचली.

"बघू नंतर," ते म्हणाले.

मास्तरीणबाई आत गेल्या आणि करवत घेऊन आल्या. ती त्यांनी नवऱ्याच्या हातात ठेवली आणि चादर ओढून काढली.

"घ्या. शब्द तुमचा होता, माझा नाही."

"अगं, आत्ता लगेच..."

"मग केव्हा? शाळा उघडायला आली. फळ्या जरा रुंद काढा, मोठी पुस्तकं आहेत माझी."

मास्तरांनी करवत होडीच्या कडेवर टेकवली. एका जागी खळ कमी लागली होती. तिथं कापड पारदर्शक झालं होतं, आणि खालून दोन पट्ट्यांचा सांधा दिसत होता, धाग्यासारखा बारीक. तो सांधा बसवताना बोटाला लागलं होतं, हे त्यांना आठवलं. हे दिसायला हवं होतं सगळीकडे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांनी करवत खाली ठेवली.

"मी जरा कव्हरवाल्यांकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "यंत्र आणायला."

"चहा घेऊन जा," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि हसू लपवायला चटकन आत वळल्या.

सोलण्याचं काम म्हणजे दह्यातून केस काढणं. गरम हवा मारायची, कापड सैल पडलं की पत्र्यानं उचलायचं, वीतभर निघालं की पुढं. मेव्हणा थट्टा करायला आला आणि तोंडाला फडकं बांधून कामाला लागला. तोंड बांधलं असल्यामुळे थट्टाही थांबली. लाकूड पुन्हा उघडं झालं, पुन्हा घासलं गेलं आणि नवं कापड आलं.

"बादली शेजारी ठेवलीय," मास्तरीणबाईंनी जाहीर केलं. "इस्त्रीही."

या खेपेला सकाळीच सगळे जमले. मास्तरीणबाईंनी रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मोजून मिसळण्याचं खातं स्वतःकडे घेतलं. "प्रमाण चुकलं तर जन्मभर चिकट राहील म्हणे. हे काम अंदाजपंचे करणाऱ्या माणसाचं नाही." मिसळलेलं खोल भांड्यात राहिलं तर तापून धूर येतो, म्हणून त्या थोडं थोडंच करीत आणि मेव्हणा वाटी घेऊन धावे.

टोकांपाशी, जिथं होडी निमुळती होते तिथं, कापडाला चुण्या पडू लागल्या. "इथं कापून एकावर एक चढवायचं," कव्हरवाले म्हणाले.

"थांबा जरा." मास्तरांनी कापड उभं ओढलं नाही, आडवंही नाही, कोपऱ्याच्या दिशेनं, तिरकं, हलकेच ओढलं आणि तळहातानं मधून कडेकडे फिरवत नेलं. चुणी विरघळली. मग दोन्ही टोकांवर गळ्याला लावतात तशी तिरकस कापलेली पट्टी बसवली. कापड कोरं होतं, बिनखळीचं, आणि हाताचं ऐकत होतं.

"वाटी!" मास्तर ओरडले. दुकानातही त्यांनी कधी इतका आवाज चढवला नव्हता.

रेझिन पडलं. रबरी पट्टी फिरली. आणि तिच्या मागोमाग पांढरं कापड दिसेनासं होत गेलं. जणू कुणी पडदा ओढत चाललं होतं आणि खालून लाकूड जागं होत होतं. मधाळ, तांबूस, मध्येच एखादी गडद पट्टी, आणि सांध्यांच्या सगळ्या रेघा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत निघालेल्या. मेव्हणा रिकामी वाटी हातात धरून तसाच उभा राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "ही खरंच तुम्ही केलीत?"

"बोलू नकोस, वाटी आण!" बहीण ओरडली.

मग होडी साच्यांवरून उचलून सुलटी केली, आतूनही कापड चढवलं, काठाला जाड पट्ट्या लावल्या, दोन बैठकी बसवल्या, वॉर्निशचे हात दिले. शाळा उघडण्याच्या आदल्या सकाळी पडवी झाडून मोकळी झाली, आणि होडी खांद्यांवर घेऊन मिरवणूक तळ्याकडे निघाली. पुढं मेव्हणा, मागं मास्तर, मध्ये हात लावून कव्हरवाले, आणि सर्वांत पुढं वल्ही घेतलेल्या मास्तरीणबाई. इस्त्रीवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं, आणि मेव्हण्यानं सगळ्यांना सांगितलं, "आमच्या भाऊजींनी केलीय. आम्ही दोघांनीच, म्हणा ना!"

पाण्यावर ठेवली तेव्हा ती एकदा डुलली आणि स्थिर झाली. मास्तरीणबाई पुढच्या बैठकीवर बसल्या, मास्तर मागच्या. काठावरून सल्ले सुरू झाले, ते हळूहळू ऐकू येईनासे झाले. तळ्याच्या मध्यावर वारा लागला, होडीचं तोंड फिरू लागलं, मास्तरांचे हात भरून आले.

"वळायचं का?" मास्तरीणबाईंनी मान न वळवता विचारलं.

"छे! तू उजवीकडून मार."

दोघांनी नेटानं वल्हवलं. पलीकडच्या काठाला टोक वाळूत रुतलं, तेव्हा मास्तरीणबाईंनी वाकून होडीचा तळ आतून सगळीकडे चाचपला आणि कोरडा हात नवऱ्याला दाखवला. गळ टाकून बसलेला एक म्हातारा जवळ आला. त्यानं होडीच्या अंगावरून बोट फिरवलं.

"झकास आहे. कुठून आणली?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण बायको आधी बोलली.

"घरी केली. यांनी. पूर्ण."

त्या क्षणी कुणी मास्तरांचं माप घेतलं असतं, तर छाती चांगली दोन इंच जास्त भरली असती.