दोन प्लेट भात, तिखट नको

मला थाई भाषा येते. थाई माणसांना हे अजून पटलेलं नाही, पण तो त्यांचा प्रश्न आहे.

झालं असं. आमचा अनिरुद्ध नोकरीसाठी बँकॉकला गेला आणि तिथे त्याला प्लॉय भेटली. (हे तिचं घरातलं नाव. खरं नाव इतकं लांब आहे की लग्नपत्रिकेत मुहूर्ताला जागा उरली नसती.) मुलगी गुणाची. व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी तिने आमच्या हिला, म्हणजे नलूला, 'आई' म्हणून हाक मारली आणि नलू तिथेच विरघळली. अडलं होतं ते प्लॉयच्या आईपाशी. बाई एकट्या. नवरा लवकर गेला. भाताचं आणि नूडल्सचं छोटं दुकान चालवून एकुलती एक मुलगी वाढवलेली. त्यांना अनिरुद्ध आवडला होता, बडोद्याबद्दलही तक्रार नव्हती. म्हणणं एवढंच, की उद्या ही दोघं तिकडे राहायला गेली आणि त्या घरात माझ्या पोरीशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलणारं कुणी नसलं, तर तिने मन कुणापाशी मोकळं करायचं? एकदा येऊन घर बघते, माणसं बघते, मग हो की नाही ते सांगते.

मला ते पटलं. आपल्याला मुलगी असती तर आपणही हेच म्हटलं असतं. त्या भरात मी बोलून गेलो, "अनू, त्यांना सांग, या घरात तिच्याशी थाई बोलणारा माणूस असेल. मी शिकतो."

"तुम्ही?" नलू म्हणाली. "अहो, जन्म बडोद्यात गेला तरी भाजीवाल्या बेनशी तुम्हाला धड गुजराती बोलता येत नाही. कोथिंबीर मागायची झाली तरी मला हाक मारता."

"ती गोष्ट वेगळी," मी म्हणालो. आमच्या घराण्यात विद्वत्ता आहे. पणजोबा संस्थानच्या काळातले शास्त्री, आजोबा संस्कृत शिकवायचे. माझ्यापर्यंत पोचेतो त्या विद्वत्तेची नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात लॅबची नोकरी झाली होती, पण रक्तात कुठेतरी असणारच ना.

फोनवर शिकवणीचं ॲप घेतलं. पहिल्याच धड्यात मुळाक्षरं आली आणि मी हर्षाने ओरडलोच. त्यांचीही वर्णमाला 'क'पासूनच सुरू होते! म्हटलं, हे तर आपलंच आहे, थोडं वळणदार काढलंय इतकंच. पुढे कळलं की ही माणसं दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाक्य एकदा सुटलं की श्वास संपेपर्यंत सलग. कुठे शब्द संपला हे ज्याचं त्याने ओळखायचं. त्यातून या भाषेत पाच सूर. सूर चुकला की शब्द गेला. अनिरुद्धने फोनवर पुनःपुन्हा बजावलं, "बाबा, सुरांकडे लक्ष द्या."

"पाचच ना?" मी म्हणालो. "आमच्याकडे सात असतात."

खरी अडचण निराळीच होती. काही केल्या काही लक्षात राहीना. संध्याकाळी पाठ केलेलं सकाळी साफ. शेवटी मी घराण्याच्या पद्धतीकडे वळलो. लहानपणी आजोबांनी आम्हाला जे जे शिकवलं, पाढ्यांपासून स्तोत्रांपर्यंत, ते मांडी घालून, डोळे मिटून, चालीवर घोकून घेतलं होतं. अर्थ विचारला की म्हणायचे, "आधी पाठ कर, अर्थ मागाहून येईल." (त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचा अजून यायचाय.) तर मी थाईलाही ती चाल लावली. स्वागताची दोन वाक्यं, त्यांच्या पुढे हॉटेलचा धडा, मग रस्ता विचारण्याचा, शेवटी बिलाचा, सगळं एका दमात, स्तोत्राच्या लयीत. आणि काय सांगू, घडाघडा पाठ झालं. 'होंग नाम यू थी नाय', म्हणजे संडास कुठे आहे, हे मी अशा काही भावाने म्हणायचो की माझे मलाच डोळे पाणावल्यासारखे वाटायचे.

रोज सकाळी छाणी भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत माझा पाठ चाले. एक दिवस समोरच्या जयश्रीबेन म्हणाल्या, "काका, आ कया भगवाननुं छे? रोज सांभळुं छुं. बहु शांति लागे छे."

हे कुठल्या देवाचं, रोज ऐकते, फार शांत वाटतं, असं त्यांचं म्हणणं. मी हसण्यावारी नेलं. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

प्लॉय आणि तिच्या आई आल्या तो दिवस. दारात रांगोळी, नलूच्या हातात औक्षणाचं तबक, आत लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा, आणि श्रीखंड. गाडी पार्किंगमध्ये शिरल्यावर, आधीच घरी येऊन राहिलेल्या अनिरुद्धने मला बाजूला घेतलं. "बाबा, 'सवादी ख्रप' म्हणून नमस्कार करायचा, स्वागताची दोन वाक्यं म्हणायची आणि थांबायचं. आणि एक लक्षात ठेवा, त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही. त्यांच्याकडे डोकं पवित्र मानतात."

"मी काय खुळा आहे?" मी म्हणालो.

विहीणबाई लिफ्टमधून बाहेर आल्या. बारीक चणीच्या, थकलेल्या, पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी बघून मीच घाबरलो. माणूस घाबरला की मूळ वळणावर जातो. माझे डोळे आपोआप मिटले, हात जोडले गेले आणि मी सुरू झालो.

दोन वाक्यं झाली. डोळे किलकिले करून पाहिलं, तर विहीणबाईंनी पर्स खाली ठेवून हात जोडले होते, डोळे मिटले होते. म्हटलं, भिडलं! पण आता थांबायचं कसं? पाठांतराचं असंच असतं, एक ओळ दुसरीला ओढून आणते. मधे थांबलं की पहिल्यापासून. मी हॉटेलच्या धड्यात शिरलो. 'खाओ फात सोंग जान, माय फेत.' भाताच्या दोन प्लेट, तिखट नको. विहीणबाई हळूच गुडघ्यांवर बसल्या. विहीणबाई बसल्या म्हणून नलूही तबकासकट बसली. मी 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा'वर आलो तोवर समोरचं दार उघडलं, जयश्रीबेन चपला काढून बाहेर आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. अनिरुद्ध भिंतीला टेकला होता. प्लॉयने ओढणी तोंडात कोंबली होती. मला वाटलं, बिचारीला हुंदका आवरत नाही.

'चेक बिन ख्रप', म्हणजे बिल आणा, असं मी लांबवून म्हटलं आणि पाठ संपला. विहीणबाईंनी जमिनीला डोकं टेकवलं. एकदा नाही, तीनदा.

आता विहिणीचा मान मोठा, आणि तीच माझ्या पाया पडतेय! मी हबकलो. पण कुणी वाकलं की आपला हात कुठे जातो? सरळ डोक्यावर. "आयुष्मती भव," मी म्हणालो, आणि मग अनिरुद्धचा चेहरा दिसला. जीभ चावली. क्षमा मागावी म्हणून घाईघाईने मीही वाकलो, आणि कंबरेत कट्ट झालं. वर येता येईना. मी तसाच काटकोनात. विहीणबाईंना वाटलं, काय ही नम्रता, त्या पुन्हा वाकल्या. जयश्रीबेननी नलूच्या हातातलं तबक घेऊन मला ओवाळलं. नलूने गोंधळून आतून चेवड्याची बशी आणली, ती विहीणबाईंनी प्रसाद म्हणून दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

मला सोफ्यावर आडवं करून शेक देणं चाललं असताना प्लॉय शेजारी येऊन बसली. (आम्ही इंग्रजीत बोलतो, इथे मराठीत सांगतो.)

"बाबा, माझ्या आईने विचारलं, ही कुठली प्रार्थना."

"प्रार्थना कसली? थाई होती ती. तुझ्यासाठी शिकलो मी."

"मला कळलं. ते ॲप मलाही माहीत आहे. पण तुम्ही पाचही सूर सोडून सहावा लावलात. आईला त्यात थाई ऐकूच आली नाही. आमच्या देवळात भिक्खू पाली म्हणतात, ती कुणालाच समजत नाही, हात सगळेच जोडतात."

"आमच्याकडेही तेच," मी कबूल केलं. "मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, बडोद्याच्या घरांमध्ये नव्या सुनेच्या सुखासाठी ही प्रार्थना करतात. सासरे महिनोन् महिने ती शिकत होते." तिने माझ्या कंबरेखालची शेकाची पिशवी नीट केली. "दुसरं वाक्य तर खरंच होतं."

मी मान फिरवली. कंबर दुखत होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असेल.

रात्री जेवताना विहीणबाई नलूने वाढलेलं श्रीखंड चाखत बराच वेळ थाईत काही बोलत राहिल्या. प्लॉयने सांगितलं, "आई म्हणते, बोलणारी माणसं सगळीकडे भेटतात. माझ्या मुलीसाठी दारात उभं राहून एवढं मागणारी भेटत नाहीत. लग्न करा."

नलूने टेबलाखालून माझा हात दाबला. खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं, पण त्या बाईंचा चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला होता. मी आणखी श्रीखंड वाढून घेतलं. जायच्या दिवशी त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून घेतलं.

लग्नानंतर आम्ही त्यांच्या गावी गेलो. दुकानाची पाटी मी स्वतः वाचली. (नलू तोवर आत जाऊन, पाणी पिऊन, विहिणीला मिठी मारून परत आली होती.) आत एका फळीवर फुलांची माळ, उदबत्ती, आणि सकाळच्या शांत दुकानात स्पीकरवर माझा आवाज. रोज दुकान उघडताना लावतात म्हणे. गिऱ्हाइकी वाढली आहे.

प्रवासाने भूक खवळली होती. म्हटलं, इतके दिवस शिकलो, आज तरी उपयोग करू. टेबलाशी बसलो, शब्द आठवेनात म्हणून डोळे मिटले, आणि मोठ्याने म्हणालो, "खाओ फात सोंग जान, माय फेत."

आख्ख्या दुकानाने चमचे खाली ठेवले आणि हात जोडले. भात काही आला नाही.