छापील संदर्भ हवा

पडद्यावरचं ते गोल चक्र मघापासून नुसतं फिरतंय. विद्यापीठाचं ग्रंथालय म्हणे घरबसल्या उघडतं. मला मेलं दारच उघडेना! बियाण्याचे वाल राख चोळून ठेवावेत, एवढंच मी या वयात घेतलेल्या अभ्यासक्रमाच्या स्वाध्यायात लिहिलं होतं. शिकवणाऱ्या मॅडमचा फोन आला, "आजी, संदर्भ कुठाय? त्याशिवाय मार्क नाहीत."

"अहो, सासूबाईंनी शिकवलं."

"ते नाही चालत. छापील हवं."

अखेर एक लेख उघडला. त्यात तेच, अगदी राखेसकट! सांगितलं कुणी? तर म्हणे 'एका वृद्ध महिलेने'. तिला नाव नव्हतं का हो? सांगत आल्या बायका, आणि नाव लागतं ते उतरवून घेणाऱ्याचं!

संदर्भात लेखकाचं नाव मुकाट्यानं लिहिलं. पण त्याच्या वर सासूबाईंचं: यमुनाबाई. कापा आता मार्क.