धुराड्यावरचा डबा

दर शुक्रवारी सकाळी मी सोबा साफ करतो. सोबा म्हणजे लाकडं जाळून खोली गरम करायची लोखंडी भट्टी. पुढे काचेचं दार, मागून निघालेला जाड नळ भिंतीतून थेट गच्चीवरच्या विटांच्या धुराड्यात. इकडे तबूकला, सौदीच्या उत्तर टोकाला, थंडी चांगलीच बोचरी असते आणि जुन्या घरांतून असे सोबे अजून आहेत. मी तो साफ करतो, पुसतो, काच आरशासारखी लख्ख करतो आणि पेटवत नाही. गेल्या अडीच महिन्यांत एकदाही पेटवलेला नाही. घरात दोन स्वेटर घालून, वर ब्लँकेट गुंडाळून बसतो, कोणी पाहिलं तर वेड्यात काढेल.

बायको आणि आठ वर्षांची मुलगी नाशिकला आहेत, सासऱ्यांकडे. त्यांच्या रीएंट्रीची, म्हणजे इथे परत यायच्या परवान्याची, मुदत या महिन्याच्या अखेरीला संपते. तोवर त्या आल्या नाहीत आणि मी मुदतही वाढवली नाही, तर दोघींचा इकामा, इथे राहायचा परवाना, रद्द होईल. खलास. मुदत वाढवणं हे मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. पण त्यासाठी बायकोचा एक ‘हो’ लागतो, आणि तो मिळवण्यासाठी मी अडीच महिने काय काय केलं ते सांगायलाही आता लाज वाटते. हा सोबा घासणं त्यातलंच एक.

साफसफाईची रीत मी इथेच शिकलो. लहानपणी आमच्याकडे अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता, तो घासायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे हे आपल्याला येतंच अशी पहिल्या वर्षी माझी समजूत होती. बंबाची राख रोज सगळी काढायची, सोब्याची नाही. तळाला बोटभर राख ठेवावी लागते, तिच्यावर निखारे धरतात. दाराच्या कडेने दोरीसारखी एक पट्टी असते. तिथे कागदाचा तुकडा धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. सहज निघाला तर पट्टी बदलायची. नळाच्या बाकात काजळी साचते, ती लांब दांड्याच्या ब्रशने पाडायची. ओली लाकडं जाळली असतील तर नळाला आतून डांबरासारखा थर बसतो आणि तो खरवडताना हाताची वाट लागते. काच ओल्या कागदाने राख लावून घासायची. तेवढ्यासाठी अरबी पेपर वापरायचा नाही, त्यात देवाचं नाव छापलेलं असू शकतं, असं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या घरमालकाने पहिल्याच हिवाळ्यात बजावलं होतं. मी सुपरमार्केटच्या जाहिरातींचे कागद वापरतो. राखेने बायको समई घासायची. ती समई आता कपाटात काळी पडली आहे.

हे सगळं मी नीट करतो, कारण नीट करणं हाच माझा धंदा आहे. इथल्या एका वीजकेंद्रात मी देखभालीचा इंजिनिअर आहे. केंद्र दुरुस्तीसाठी बंद करतात तेव्हा ठिकठिकाणच्या पाइपांमध्ये लोखंडी चकत्या घालून ते पाइप बंद करावे लागतात. त्यांना आम्ही ब्लाइंड म्हणतो. प्रत्येक ब्लाइंडला नंबर, प्रत्येकाची वहीत नोंद. ज्याने बसवला त्याची सही, आणि केंद्र पुन्हा सुरू करण्याआधी तो निघाला हे दुसऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहून केलेली सही. दोन सह्या नसतील तर मी काहीही सुरू होऊ देत नाही. सोळा वर्षांत माझा एक ब्लाइंड आत राहिलेला नाही. एका सहीसाठी मी माझ्याहून वयाने मोठ्या माणसांना चारचौघांत झापलं आहे. माझा आवाज चढतो हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानच होता.

उन्हाळ्यात आम्ही सगळे सुट्टीला भारतात जातो. निघायच्या आदल्या दिवशी इथलं प्रत्येक कुटुंब एकच उद्योग करत असतं: घर बंद करणं. खिडक्यांच्या फटींना तपकिरी टेप, एसीच्या भोकात फडकी, मोरीच्या जाळीवर प्लास्टिक. नाही केलं तर दोन महिन्यांनी आल्यावर गादीवर बोटभर धूळ असते. आमच्या घरी यात आणखी एक काम असे. गच्चीवर जाऊन धुराड्याच्या तोंडावर तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घालायचा आणि तारेने आवळायचा. धूळ जात नाही, कबुतरं आत घरटं करत नाहीत. युक्ती माझीच. गेल्या जूनमध्येही मी तो डबा घातला. वहीत अर्थातच लिहिलं नाही. घरात कोण वही ठेवतं?

नोव्हेंबरच्या शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी एकदम गारठा पडला. मी लाकडं रचायला बसलो. बायको चहाचे कप घेऊन आली आणि म्हणाली, “अरे, वरचा डबा काढलास का?”

“काढला.”

“कधी? आल्यापासून तू वर गेलेला मला तरी आठवत नाही.”

“मला शिकवू नकोस. कामावर रोज तेच करतो मी.”

ती लग्नाआधीपासून नाशिकला बँकेत होती. माझ्यासाठी नोकरी सोडून इकडे आली. ती शांतपणे म्हणाली, “आमच्या बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जात नसे. मी पटकन बघून येते ना, जिना चढायला कितीसा वेळ लागतो?”

“हे घर आहे, बँक नाही,” मी ओरडलो. “बस खाली.”

ती बसली.

मी खोटं बोलत नव्हतो. डबा काढल्याचं मला स्वच्छ आठवत होतं. तार सोडवताना बोटाला टोचली होती, रक्त आलं होतं, ते मी धुराड्याच्या विटांना पुसलं होतं, हेही आठवत होतं. फक्त ते आदल्या वर्षीचं होतं.

सोबा पेटला तेव्हा खोलीत धूर झाला. पहिल्या दिवशी होतोच, नळ थंड असतो, असं मी म्हणालो. एका खिडकीची टेप काढून ती उघडली. बाकीच्या खिडक्यांच्या टेपा सुट्टीपासून तशाच होत्या, पुढे वाळूची वादळं असतातच म्हणून आम्ही त्या काढतच नाही. डबा काही घट्ट बसलेला नव्हता, कडेच्या फटीतून थोडाफार धूर बाहेर जात असणार. थोड्या वेळाने ज्वाळा बसल्या, लालबुंद निखारे झाले, धूर दिसेनासा झाला. मी खिडकी लावून घेतली. मुलगी गालिच्यावर पालथी पडून शाळेचा कसला तरी तक्ता रंगवत होती. “बाबा, इट्स सो कोझी,” ती म्हणाली. मी रोटी आणायला बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या अफगाणी तंदूरवर गुरुवारची गर्दी होती. रांगेत ओळखीचा एक केरळी भेटला, त्याच्याशी बोलत उभा राहिलो. पाऊण तास गेला असेल.

परत येऊन दार उघडलं तर खोली छान उबदार होती. मला सगळ्यात जास्त छळते ती ही गोष्ट. धूर नाही, वास नाही. बाहेरून कुडकुडत आल्यावर दारातच क्षणभर थांबून मी ती ऊब अंगावर घेतली. मग बायको दिसली. भिंतीला टेकून बसली होती, हात कपाळावर. “डोकं फार दुखतंय रे, उठवत नाहीये,” ती म्हणाली. मुलगी तक्त्यावर गाल टेकून झोपली होती. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग उचलली, तर तिची मान माझ्या हातावरून खाली लोंबली.

रोट्या कुठे पडल्या ते माहीत नाही. मी दोघींना ओढत अंगणात आणलं आणि ओरडत सुटलो. म्हातारा घरमालक अनवाणीच खाली आला, त्याने गाडी काढली. दवाखान्यात मुलीच्या नाकातोंडावर ऑक्सिजन लावला, बोटाला वायर, शेजारी एक यंत्र टूं टूं करत राहिलेलं. बायकोलाही मास्क होता. त्या मास्कच्या वरून ती माझ्याकडे बघत होती. मुलीने दोन तासांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी जमिनीवर बसून रडलो. आयुष्यात असा कधी रडलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला घरी आलो, तर सोब्यासमोर तो डबा ठेवलेला होता. काळाकुट्ट, आतून चिकट. म्हातारा गच्चीवर जाऊन आला होता. त्याने एवढंच विचारलं, “मीन?” कोणी?

मी म्हटलं, “अना.” मी.

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुलगी बरी झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून तसं सांगितलं. पण ती त्या खोलीत पाऊल ठेवेना, आणि घरात दार उघडं ठेवल्याशिवाय झोपेना. आठ दिवसांनी बायकोने बॅगा भरायला घेतल्या. मी तिच्या मागे मागे फिरत होतो, चुकलो, विसरलो, एक डाव माफ कर, असं काहीबाही बोलत होतो. ती मुलीचे स्वेटर घडी करत होती. घडी पुरी करून म्हणाली, “तू विसरलास याचा मला राग नाही. माणूस विसरतं. मी बघून येते म्हणाले, तर तू मला खाली बसवलंस.” पुढचा स्वेटर उचलत म्हणाली, “आणि मी बसले. त्याचा मला माझाच जास्त राग येतो.”

 

त्या गेल्यावर मी कामाला लागलो. दुसरं येतंय काय मला? सगळ्या खिडक्यांच्या टेपा खरवडून काढल्या. निखाऱ्यांचा न दिसणारा विषारी वायू साचला की किंचाळणारा अलार्म आणून भिंतीला ठोकला. एक जाड वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. नंबर, काय बंद केलं, तारीख, लावणाऱ्याची सही, वर जाऊन पाहणाऱ्याची सही. शेवटचा रकाना तिच्यासाठी. दर शुक्रवारी सोबा घासायचा आणि त्यांची जेवणं झाली असतील अशा बेताने व्हिडिओ कॉल करायचा, हे ठरून गेलं. ती उचलायची. मुलीच्या अभ्यासाचं बोलायची, माझ्या जेवणाखाण्याचं विचारायची. यायचं म्हटलं की विषय बदलायची.

काल शुक्रवार होता. मी पहिल्यांदाच सोब्याच्या खोलीतून कॉल लावला. मुलगी मांडीवर बसली होती, केस कापलेले, ओळखू येईना. मी फोन फिरवून एकेक गोष्ट दाखवली. बघ, नळ उतरवून साफ केलाय. बघ, दाराची पट्टी नवीन. ही वही. “दुसरी सही तुझीच,” मी म्हटलं. “तू सही केल्याशिवाय या घरात काडीसुद्धा पेटणार नाही.”

“आता?” ती म्हणाली. एवढंच.

मी घाईघाईने म्हटलं, “थांब, अलार्म दाखवतो,” आणि त्याचं बटण दाबलं. तो टूं टूं करत ठणाणा वाजला. मला वाटलं होतं, तो आवाज ऐकून त्यांना धीर येईल. फोन परत तोंडासमोर धरला तर बायकोची मांडी रिकामी होती. आतल्या खोलीतून मुलीचं रडणं ऐकू येत होतं. दवाखान्यातल्या त्या यंत्राचा आवाज असाच होता. हे मला आधी सुचायला हवं होतं. मला नेहमी नंतरच सुचतं.

“परत वाजवू नकोस,” बायको म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिचा चढतच नाही. “आणि ती मुदत वाढवू नकोस. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“वेळेवर जेवत जा,” ती म्हणाली आणि मुलीकडे गेली. फोन तसाच चालू राहिला होता. सासऱ्यांच्या घरातला फिरता पंखा मी बराच वेळ बघत बसलो.

मग उठलो. तो डबा मी टाकला नव्हता, पायऱ्यांखाली होता. तो आणि तार घेऊन गच्चीवर गेलो, धुराड्यावर उपडा घातला, आवळला. विटांवर माझ्या रक्ताचा जुना डाग होता. खाली येऊन वही उघडली. नंबर एक. धुराडं. तारीख. लावणाऱ्याच्या रकान्यात सही केली. शेवटचा रकाना मोकळा राहिला. सवयीने मान वर करून मी हाक मारणार होतो, की जरा वर जाऊन बघून येतेस का.