थेइलिनची पहिली प्रार्थना

माझी आजी थेइलिन ही धाकटी लेक, म्हणून आमच्या डोंगरातल्या रीतीप्रमाणे आईचं जोवाईजवळचं घर तिच्याकडे आलं. पण घरात काय चालेल आणि काय नाही, हे ठरवायचं तिच्या मामाने. लोरसिंगमामा मिशन येण्याआधीच्या, डोंगरातल्या जुन्या धर्माचे. आजी मिशनचं चर्च सोडून, येशूला देव न मानता एकाच देवाला भजणाऱ्या युनिटेरियन मंडळींत गेली आणि दर रविवारी आठ-दहा माणसं तिच्या चुलीभोवती उपासनेला जमू लागली. गावात कुजबुज सुरू झाली. मामांनी निरोप धाडला, "रविवारी येतो. बघतो आणि चालू ठेवायचं की बंद, ते सांगतो."

नेमके त्याच रविवारी प्रार्थना सांगणारे शोनबोर मास्तर तापाने फणफणले.

"तूच सांग," शेजारीण बिदालिन म्हणाली.

"मी? मला चारचौघांत शब्द सुचत नाहीत गं."

"नवऱ्याला झाडताना बरे सुचतात!"

मामा आले, पान चघळत दाराशीच बसले. गीत झालं. आजी उभी राहिली. पिकासाठी, मास्तरांसाठी, मिशनमध्येच राहिलेल्या आणि आता तिच्याशी न बोलणाऱ्या बहिणीसाठीही तिने मागितलं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी मात्र लहानपणापासूनच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "येशूच्या नावाने, आमेन."

कुणीच आमेन म्हणालं नाही. प्रार्थना थेट एका देवालाच करायची, म्हणून तर ही मंडळी बाहेर पडली होती. आजीला वाटलं, संपलं सगळं.

मामांनी पान गालात सरकवलं. "पोरी, देव एकच म्हणतेस, मग अर्ज दुसऱ्याच्या हाती कशाला धाडलास? तो काय बहिरा आहे?"

बिदालिन फिसकन हसली. मग सगळेच हसले.

"मामा, वीस वर्षांची सवय आहे. वर्षभरात कशी सुटेल?"

"मग पुन्हा सांग. या वेळी थेट."

आजीने डोळे मिटले. "देवा, तूच आई, तूच बाप. मी चुकले तेव्हाही तू ऐकतच होतास. या घरात आम्हाला जमू दे." एवढंच. आमेन जोरात झालं.

मामा उठले.

"मामा, काय ठरवलंत?"

"आम्हीही मध्ये कुणाला न घालता त्यालाच हाक मारतो. तुला कुठल्या तोंडाने अडवू? पण या धुरात माणसं बसवू नकोस. पुढची खोली रिकामी कर."

तिथली भाताची पोती हलवायला मामा संध्याकाळपर्यंत थांबले, आणि प्रत्येक पोत्यागणिक तिच्यावर ओरडले.