शिरूरचं नॉर्मल, दौंडचं नॉर्मल

सुनेचं दुखणं माहेरनं निस्तरायचं, हा आमच्याकडचा रिवाज. लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नाही, म्हणून सासऱ्यांनी ताईला दौंडहून शिरूरला आमच्या दारात आणून सोडलं. जावयाला तपासायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. ताई अंगानं भरलेली, हनुवटीवर चार केस, एवढा पुरावा त्यांना पुरला.

"पाव्हणं, रिपोर्ट नॉर्मल आला की निरोप धाडा. तवा येतो न्यायला," सासरे माझ्या वडलांना, आप्पांना म्हणाले.

शिरूरच्या लॅबमध्ये तिचं टेस्टोस्टेरॉन छापील मर्यादेच्या किंचित वर निघालं. लोक त्याला पुरुषी हार्मोन म्हणतात. बाईच्या अंगात ते असतंच, हे कुणी सांगत नाही. आईनं ताईचा भात बंद केला, भाकरी अर्धी केली. शेजारची काकू ओट्यावरून ओरडायची, "काय गं, मिशीला पीळ कवा देणार?" ताई हसायची आणि आत जाऊन दार लावून घ्यायची.

मी तेव्हा अकरावीत होते. आप्पा शेतकऱ्यांच्या मोर्च्यातून जी पत्रकं आणत, त्यांवर मी वाचायला शिकले. प्रत्येक पत्रकात दर कुणी ठरवला, नियम कुणी ठरवला, हे ठणकावून विचारलेलं असायचं. तेच आप्पा ताईचा रिपोर्ट दाखवायला गेल्यावर डॉक्टरांसमोर चप्पल काढून मुकाट बसले. शेवटी मीच विचारलं, "ही मर्यादा कुणाच्या रक्तावरून ठरवली?"

"तपासणीच्या किटबरोबर छापून येते," डॉक्टर म्हणाले.

"त्या बायका माझ्या ताईएवढ्या जाड होत्या का?"

डॉक्टर माणूस खरा होता. म्हणाले, "ते लिहिलेलं नसतं. जाड बायकांचं नॉर्मल वेगळं असू शकतं, पण ते नक्की किती, हे मला तरी ठाऊक नाही. हिची पाळी वेळेवर येते. नुसत्या या आकड्यावरून मी हिला आजारी म्हणणार नाही."

हे सासरच्यांना कळवलं, तर निरोप आला: आमच्या दौंडच्या लॅबमधी करा. आप्पा ताईला एसटीनं घेऊन गेले. आकडा जवळपास तोच आला. फक्त तिथल्या कागदावरची मर्यादा जरा वरची होती. ताई नॉर्मल ठरली!

दुसऱ्याच दिवशी सासू-सासरे पेढे घेऊन शिरूरला हजर. "सुधारली हो आमची सून," सासूबाई आईला म्हणाल्या. आईनं ताईची पिशवी भरायला घेतली. ताई शांतपणे दोन्ही कागद घेऊन बाहेर आली आणि ते तिनं सासऱ्यांपुढं ठेवले.

"मामा, आकडा बघा. व्हता तसाच हाय. मग मी सुधारले कवा? एसटीत?"

सासरे आप्पांकडं बघायला लागले.

"उद्या तिसऱ्या लॅबमधी जास्त निघालं, तर परत आणून सोडणार का?"

"आता कशाला तो इषय..." सासूबाई पुटपुटल्या.

"सोडणार का, ते सांगा."

आप्पा उठले, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला टांगली. "पोरगी इचारतीय त्याचं उत्तर द्या, पाव्हणं," ते म्हणाले. "न्यायचं मग बघू."

ताईनं पुडा उघडला. सासूच्या डोळ्यांदेखत एक पेढा खाल्ला, मग दुसरा उचलला.